दाढेवरचं सिरॅमिक किती वर्षं टिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढेवर सिरॅमिकचं काम करायचं ठरलं की खुर्चीत बसलेला माणूस हमखास विचारतो, "डॉक्टर, हे आयुष्यभर टिकेल ना?" याला एका शब्दात दिलेलं उत्तर बहुधा चुकीचं ठरतं. म्हणून पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एका जागी लिहून काढले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण कामाचं आयुष्य तिथेच ठरतं.

तरी साधारण किती वर्षं धरायची?

सिरॅमिकच्या इनले आणि ऑनलेवर (दाढेच्या खाचेत किंवा उंचवट्यांवर बसवलेले तुकडे) झालेले अभ्यास एकत्र करून २०१६ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ५ वर्षांनी सुमारे ९५ टक्के आणि १० वर्षांनी सुमारे ९१ टक्के कामं तोंडात टिकून होती. बिघाडांमध्ये फुटणं सर्वांत पुढे, ४ टक्क्यांच्या आसपास. दाताच्या नसेचा त्रास ३ टक्के, नव्याने लागलेली कीड आणि सुटून येणं प्रत्येकी साधारण १ टक्का. संगणकावर आखून मशीनने कापलेल्या इनले-ऑनलेंचा तर १७-१८ वर्षं पाठपुरावा झालेला आहे आणि तिथे ८४ ते ८९ टक्के कामं टिकल्याची नोंद आहे.

म्हणजे १० वर्षांची अपेक्षा वाजवी आहे, १५-२० वर्षंही अनेकांच्या तोंडात निघतात. आयुष्यभराची हमी मात्र कुणी देऊ नये आणि कुणी मागूही नये.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लांब पल्ल्याचे अभ्यास बरेचदा एकाच किंवा मोजक्या हातांनी, पद्धत काटेकोर पाळून केलेल्या कामाचे असतात. आणि झोपेत दात खाणाऱ्या पेशंटना अनेक अभ्यासांत सुरुवातीलाच बाजूला ठेवलेलं असतं. तुम्ही त्यांतले असाल तर ते ९१ टक्के तुमचे नाहीत.

"टिकलं" म्हणजे नक्की काय?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, पण तो विचारायलाच हवा. अभ्यासात "टिकलं" म्हणजे ते तोंडात आहे, काढावं लागलं नाही. कडेचा टवका उडाला, तो घासून गुळगुळीत केला, तरी ते टिकलेल्यांतच मोजलं जातं. दाढेला मधूनच भोक पाडून रूट कॅनल केलं आणि भोक बुजवलं, तरीही बहुधा टिकलेल्यांतच. "काहीही न करता जसंच्या तसं राहिलं" हा वेगळा हिशोब असतो आणि तो आकडा नेहमी कमी येतो. जाहिरातीत कुठला आकडा वापरलाय हे बघायची सवय लावून घ्या.

इनले, ऑनले आणि कॅप यांत फरक काय?

इनले दाढेच्या खाचेत, उंचवट्यांच्या आत बसतं. ऑनले एक किंवा अधिक उंचवटे झाकतं. कॅप, म्हणजे क्राउन, दाढेला सगळीकडून वेढते. दाढेचे उंचवटे पातळ झाले असतील किंवा त्यांना तडे असतील तर इनले करू नये. ते पाचरीसारखं काम करतं आणि उरलेली दाढ उकलते.

सर्वांत टिकाऊ सिरॅमिक कोणतं?

नुसत्या ताकदीचे आकडे बघितले तर उत्तर सोपं वाटतं. जुन्या पद्धतीचं फेल्डस्पॅथिक पोर्सिलेन वाकवताना ६० ते १०० मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) आसपास तुटतं. ल्यूसाइट मिसळलेलं १२० ते १६०, लिथियम डायसिलिकेट ३६० ते ५००, आणि दाढांसाठी वापरतात तो मजबूत झिरकोनिया ९०० ते १२०० मेगापास्कलपर्यंत जातो.

पण तोंडातला निकाल या क्रमाने लागत नाही. एकेकट्या कॅपचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५ वर्षांनी ल्यूसाइट आणि लिथियम डायसिलिकेटच्या कॅप सुमारे ९६-९७ टक्के टिकलेल्या होत्या, तर झिरकोनियाच्या सुमारे ९२ टक्के. सगळ्यांत दणकट पदार्थ मागे पडला! कारण त्या काळातल्या झिरकोनिया कॅपला रंगरूपासाठी वरून पोर्सिलेनचा थर देत असत. आतला झिरकोनिया शाबूत राहायचा, वरच्या थराचे टवके उडायचे. शिवाय कॅप सुटून येण्याचं प्रमाणही जास्त होतं. आता दाढांसाठी वरचा थर नसलेली, एकसंध झिरकोनियाची कॅप करतात आणि टवक्यांचा तो प्रश्न बराच मागे पडला आहे.

माझं मत विचाराल तर असं: कडेला सगळीकडून एनॅमल, म्हणजे दाताचं कठीण बाहेरचं आवरण, शिल्लक असेल, दात खाण्याची सवय नसेल, तर चिकटवलेलं लिथियम डायसिलिकेटचं ऑनले. दाढ जेमतेम उरली असेल, जागा कमी असेल, चावा जोरदार असेल, तर एकसंध झिरकोनियाची कॅप. अर्धपारदर्शक झिरकोनिया दिसायला छान असतो, पण त्याची ताकद मजबूत प्रकाराहून बरीच कमी असते. "झिरकोनिया" या एका नावाखाली दोन्ही विकले जातात, तेव्हा कोणता ते विचारा.

इतकं मजबूत असतं तर फुटतं का?

चमचा वाकतो, कप फुटतो. सिरॅमिक कपाच्या जातीचं आहे. दाब सोसण्यात ते पटाईत, पण ताण आला की त्याला वाकून वाट काढता येत नाही. प्रत्येक सिरॅमिकमध्ये बारीक दोष असतात: एखादा हवेचा बुडबुडा, कापताना बरीने, म्हणजे कापायच्या फिरत्या टोकाने, पडलेला ओरखडा. दाढांवर जोरात चावलं तर ५०० ते ८०० न्यूटनपर्यंत जोर जातो. रोजच्या जेवणातला जोर त्याच्या निम्म्याहून खूप कमी असतो, पण तो पुन्हा पुन्हा येतो. प्रयोगशाळेत एका वर्षाच्या चावण्यासाठी साधारण अडीच लाख आघात धरतात. त्यात भर म्हणजे तोंड कायम ओलं. तड्याच्या टोकाशी पाणी पोचलं की काचेतले बंध तुटायला मदत होते आणि तडा कणाकणाने पुढे सरकतो. बरं, हे सगळं मुकाट चालतं. ज्या दिवशी तुकडा पडतो त्या दिवशीचा घास निमित्तमात्र असतो.

माझ्याकडे एक बाई ऑनलेचे दोन तुकडे टिश्यू पेपरात गुंडाळून घेऊन आल्या. बसवून सहा वर्षं झाली होती. काही कठीण खाल्लं नव्हतं, त्यामुळे त्यांना आश्चर्य वाटत होतं. मी तुकडे भिंगाखाली धरले. तडा वरून सुरू झालाच नव्हता. तो आतल्या बाजूने, मधल्या खाचेच्या बरोबर खालून निघाला होता. कॅलिपर लावला. उंचवट्यांवर जाडी १.८ मिलिमीटर, खाचेत जेमतेम ०.९. ते काम माझंच होतं. चिकटवल्यानंतर चावा जुळवताना ती खाच मी खोल करत गेलो होतो. तेव्हापासून मधल्या खाचेतली जाडी चिकटवण्याआधी मोजतो आणि फाइलमध्ये लिहून ठेवतो.

किती जाडी पुरेशी?

लिथियम डायसिलिकेटला दाढेवर साधारण १.५ मिलिमीटर हवी. नीट चिकटवणार असाल आणि खाली एनॅमल असेल तर १ मिलिमीटरवरही काम होतं. फेल्डस्पॅथिक आणि ल्यूसाइट प्रकारांना २ मिलिमीटरच्या आसपास. मजबूत झिरकोनिया ०.५ ते १ मिलिमीटरमध्ये भागवतो.

मग दात जास्त घासून जाडी वाढवावी का?

इथे ओढाताण आहे. दाढ जितकी जास्त घासाल तितकं सिरॅमिक जाड, पण तितकं एनॅमल कमी. एनॅमलला चिकटवलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो. डेंटिनला, म्हणजे एनॅमलखालच्या थराला, चिकटवलेला जोड काळाबरोबर झिजतो, कारण डेंटिन ओलं असतं आणि त्यातलं कोलॅजन हळूहळू कुजत जातं. शिवाय खोल घासलेल्या दाढेची नस चिडते. म्हणून फक्त जाडीच्या मागे लागून निरोगी दात कातरणं मला पटत नाही. जागा खरंच कमी असेल तर पदार्थ बदला.

चिकटवण्याला एवढं महत्त्व का देता?

कारण काचेच्या जातीचं सिरॅमिक सुटं असताना कपाइतकंच नाजूक असतं. दाताशी एकजीव झालं की जोर दाताकडे उतरतो आणि आतल्या पृष्ठभागावरचा ताण घटतो. इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतले चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोर्सिलेनची जॅकेट कॅप आणली, पण ती दाढांवर फुटत असे. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली एनॅमलवर अ‍ॅसिड लावून चिकटवण्याची कल्पना मांडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनच्या आतल्या बाजूलाही अ‍ॅसिडने खरबडीत करून रेझिनने (घट्ट होणारं प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य) चिकटवता येतं हे दिसलं. दाढेवरची पातळ सिरॅमिक कामं खऱ्या अर्थाने शक्य झाली ती त्यानंतर.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. लिथियम डायसिलिकेटच्या आतल्या बाजूला ५ टक्के हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड २० सेकंद. धुऊन वाळवलं की चकचकीत पृष्ठभाग खडूसारखा धुरकट पांढरा दिसायला लागतो. तो तसा दिसला नाही तर पुढे जायचं नाही. मग सायलेन, म्हणजे सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारा द्रव, लावून वाळवायचं. दाढेवर रबर डॅम, म्हणजे रबरी पडदा, ताणलेला असतो. एनॅमलवर फॉस्फोरिक अ‍ॅसिड, धुणं, बाँड, मग रेझिन सिमेंट. कडेने बाहेर आलेलं सिमेंट घट्ट व्हायच्या आत काढायचं, दातांच्या फटीतलं फ्लॉसने. या अर्ध्या-पाऊण तासात थुंकीचा एक थेंब आत गेला तरी पुन्हा पहिल्यापासून. पेशंटला वाटतं डॉक्टर उगाच वेळ काढताहेत. पण पुढची पंधरा वर्षं याच वेळेवर उभी असतात.

झिरकोनियात काच नसते, म्हणून त्याच्यावर या अ‍ॅसिडचा उपयोग होत नाही. त्याला आतून ५० मायक्रॉनच्या अ‍ॅल्युमिना कणांचा हलका मारा करतात आणि एमडीपी (झिरकोनियाला धरून ठेवणारं रसायन) असलेला प्रायमर लावतात. कॅप तोंडात लावून बघितली की थुंकीतलं फॉस्फेट झिरकोनियाला चिकटतं आणि प्रायमरची जागा अडवतं. तेव्हा लावून बघितल्यानंतर ती खास क्लीनरने साफ करणं किंवा कणांचा मारा त्यानंतरच करणं गरजेचं. हा टप्पा गाळला की कॅप सुटते आणि दोष झिरकोनियाला जातो.

रूट कॅनल केलेल्या दाढेवर टिकतं का?

टिकतं, पण जिवंत दाढेपेक्षा कमी. पाठपुराव्यांत अशा दाढांवरचं काम जास्त फसलेलं दिसतं. मधून पोकळ झालेल्या दाढेचे उंचवटे जोराने बाजूला वाकतात. म्हणून तिथे उंचवटे झाकणारं ऑनले किंवा कॅपच करावी, आणि रूट कॅनल झाल्यावर महिनोन्‌महिने तात्पुरत्या सिमेंटवर थांबू नये. दाढ उभी चिरली तर वरचं सिरॅमिक कितीही भारी असलं तरी दाढ काढावीच लागते.

झोपेत दात खाण्याची सवय आहे. सिरॅमिक करूच नको का?

करता येतं, मात्र ही सवय लपवू नका. घरच्यांना विचारा, कारण रात्रीचा करकर आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. सकाळी जबडा आखडणं, गालाच्या आत पांढरी रेघ, दातांचे सपाट झालेले शेंडे ही लक्षणं आहेत. झोपेत मेंदूचा लगाम सुटलेला असतो, त्यामुळे जागेपणी कधी लावणार नाही इतका जोर लागतो. नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, घालावा लागेल, आणि रोज. डबीत ठेवलेला गार्ड काही वाचवत नाही.

समोरची दाढ झिजेल का?

झिजते ती कडकपणामुळे कमी आणि खडबडीतपणामुळे जास्त. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया सिरॅमिकांत समोरच्या एनॅमलला सर्वांत कमी झिजवतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. उलट वरून दिलेली ग्लेझ, म्हणजे चकचकीत पातळ थर, काही काळात उडून जाते आणि खालचा न घासलेला भाग कानशीसारखा काम करतो. चावा जुळवायला बर फिरवली असेल तर लगेच रबरी पॉलिशरने टप्प्याटप्प्याने चकाकी परत आणलीच पाहिजे. जिभेने चाचपून बघा. खरबरीत लागलं तर परत जा.

सिरॅमिकला कीड लागत नाही, मग आत कीड कशी जाते?

कीड दाताला लागते, आणि दात कडेला उघडाच असतो. सिरॅमिक आणि दात यांच्यामधली सिमेंटची रेघ वर्षांगणिक थोडी झिजते, तिथे खाच पडते, त्यात अन्न आणि जंतू साचतात. तोंड सतत कोरडं पडत असेल, मग ते औषधांमुळे असो वा वयामुळे, तर धोका बराच वाढतो. झिरकोनियाखालची कीड एक्स-रेमध्ये दिसत नाही, कारण किरण त्यातून आरपार जात नाहीत. तिथे कड तपासणाऱ्या हाताला पर्याय नाही.

एका भेटीत मशीनने कापलेलं काम कमी टिकतं का?

नाही. संगणकाने कापलेलं पहिलं इनले झुरिक विद्यापीठात १९८५ साली बसवलं गेलं आणि सर्वांत लांब पाठपुरावा असलेल्या कामांत याच पद्धतीची कामं आहेत.

रेझिन मिसळलेले हायब्रिड ब्लॉकही सिरॅमिकच ना?

नावात असतं, वागणुकीत पूर्ण नाही. ते थोडं लवचीक असतात, कापायला सोपे, दुरुस्तीला सोपे. इनले-ऑनलेसाठी चालतात. पण २०१५ साली अशा एका ब्लॉकचा कॅपसाठीचा वापर त्याच्या उत्पादकानेच मागे घेतला, कारण कॅप सुटून येत होत्या. दाढेच्या पूर्ण कॅपसाठी मी ते वापरत नाही.

बसवल्यावर थंड लागतं, चावताना कळ येते. काम बिघडलं का?

थंड लागणं दोन-चार आठवड्यांत कमी होत जात असेल तर थांबा. चावतानाची कळ बहुतेक वेळा चावा किंचित उंच राहिल्यामुळे येते. भूल उतरलेली नसताना पेशंटला तो नीट कळत नाही, म्हणून चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावा. उंच राहिलेला चावा सहन करू नका. पेशंटला सवय होते, सिरॅमिकला होत नाही. आपोआप ठणका लागला, रात्री झोपमोड झाली, तर नसेचा प्रश्न आहे, ताबडतोब जा.

टवका उडाला. पूर्ण बदलावं लागेल?

बऱ्याचदा नाही. लहान टवका घासून पॉलिश करता येतो. मध्यम असेल तर तिथल्या तिथे सिरॅमिक खरबडीत करून, सायलेन लावून कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं भरण, भरता येतं. ही दुरुस्ती नव्याइतकी टिकत नाही, पण काही वर्षं काढून देते आणि दात वाचतो. बदलताना जुनं सिरॅमिक बरने कापून काढावं लागतं, त्यात दरवेळी थोडा दातही जातो. तडा आरपार असेल, तुकडे हलत असतील किंवा आत कीड असेल तर मात्र बदलाच. पडलेला तुकडा सापडला तर टाकू नका, सोबत न्या. तो का तुटला हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

सोनं किंवा धातू जास्त टिकतो का?

हो, ओतीव सोन्याचा इतिहास सिरॅमिकपेक्षा लांब आणि चांगला आहे. शेवटच्या दाढेवर, जिथे दिसण्याचा प्रश्न नाही आणि चावा जबर आहे, तिथे धातूला आजही नाही म्हणू नये.

घरी काय सांभाळायचं?

दोन वेळा ब्रश, आणि कडेच्या फटीत रोज फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश. बर्फ चावू नका, दाताने झाकणं उघडू नका. फ्लोराइड हवंच, पण दवाखान्यात लावतात ती आम्लयुक्त फ्लोराइड जेल सिरॅमिकचा पृष्ठभाग खरबरीत करते. "माझ्या दाढेवर सिरॅमिक आहे" असं आधी सांगा, म्हणजे न्यूट्रल सोडियम फ्लोराइड वापरतील. दात साफ करून घेतानाही हेच सांगा, कारण अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक पातळ कडेवर आपटलं तर कड उडू शकते.

काम करण्याआधी डॉक्टरांना काय विचारू?

कोणता पदार्थ आणि का. मधल्या खाचेत जाडी किती राहणार. कड एनॅमलवर येते की हिरडीखाली डेंटिनवर. चिकटवताना दाढ कोरडी कशी ठेवणार. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न आवडतात.

बसवून पंधरा वर्षं झाली, काही त्रास नाही. आता बदलून घ्यावं का?

मुदत संपली म्हणून काढायचं, असं सिरॅमिकचं नसतं. कडेला तपकिरी रेघ दिसते म्हणूनही नाही. सिमेंटवर डाग धरतो, ती कीड असेलच असं नाही. वर्षातून एकदा दाखवा. डॉक्टरांनी कडेवरून प्रोब फिरवावा, आडव्या उजेडात तडा आहे का बघावा, आणि गरज वाटेल तेव्हा एक्स-रे काढावा. कड घट्ट असेल, हिरडी निरोगी असेल, चावताना दुखत नसेल, तर जिथे आहे तिथे राहू द्या.